माहितीपट करणारे मूल घरात निघाले तर?



गेल्या वर्षी शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचा तास झाला. मोठेपणी काय व्हायचे आहे ते प्रत्येकाने उठून सांगायचे होते. इंजिनियर झाले, डॉक्टर झाले, सी.ए. झाले, कॅनडाला जाणारेही झाले. मग नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मला टीव्हीसाठी माहितीपट करायचेत." वर्ग हसला. मुलांचे हसणे एक वेळ समजू शकते. पण मागच्या बाकांवर बसलेले आम्ही, म्हणजे या पत्रिकेचे काम पाहणारे शिक्षक आणि पालक, तेही हसलो. पाहुण्यांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितले, "छंद म्हणून छान आहे हो बेटा, पण पोटापाण्याचं काय?" ती काही न बोलता खाली बसली.

त्याच महिन्यात आपल्या शाळेच्या एक जुन्या बाई वारल्या. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी इथे मराठी शिकवले. शोकसभेत त्यांचा आवाज ऐकवावा म्हणून आम्ही शोधाशोध केली. एका विद्यार्थ्याच्या लग्नाच्या व्हिडिओत त्या अक्षता टाकताना दिसतात, तेवढेच हाती लागले. शाळा स्वतःच्या जागेत येण्याआधी वाड्यात वर्ग कसे भरत, पावसाळ्यात मुलांना कुठे बसवत, फी देता न येणाऱ्यांचे काय होई, हे नीट सांगू शकणाऱ्या त्या शेवटच्या होत्या. ते सगळे त्यांच्याबरोबर गेले. ज्या कामाला आम्ही वर्गात हसलो होतो, ते काम आपल्यापैकी कुणीच केले नव्हते, हे त्या दिवशी ध्यानात आले.

तेव्हा यंदा या व्यवसायाविषयी थोडे सविस्तर लिहायचे आम्ही ठरवले. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: माहितीपटाचा निर्माता किंवा संकलक होणे हे डॉक्टर-इंजिनियर होण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे, आपल्या समाजातून एक-दोन मुले तिकडे गेली तर आपण ती आनंदाने पाठवावीत, आणि त्या कामाची पहिली पायरी शाळेतच बांधावी. शेवटी विश्वस्त मंडळापुढे एक छोटा पण अवघड प्रश्नही आम्ही ठेवणार आहोत.

आधी काम काय असते ते पाहू. निर्माता म्हटले की पैसे घालणारा शेठ डोळ्यांपुढे येतो. सार्वजनिक दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटाचा निर्माता तसा नसतो. विषय निवडायचा, त्यावर महिनोन्‌महिने वाचायचे, बोलणारी माणसे शोधायची, त्यांचा विश्वास मिळवायचा, परवानग्या काढायच्या, खर्चाचा अंदाज बांधून तो पाळायचा, आणि शेवटी जे पडद्यावर जाईल त्याची जबाबदारी आपल्या नावावर घ्यायची, हे त्याचे काम. सरकारी किंवा सार्वजनिक वाहिनी लोकांच्या पैशावर चालते. त्यामुळे तिथल्या निर्मात्याचा खरा धनी जाहिरातदार नसतो, खात्याचा साहेबही नसतो, प्रेक्षक असतो. निदान तसे असावे अशी अपेक्षा असते.

संकलकाचे काम त्याहून कमी दिसणारे. अर्ध्या तासाच्या माहितीपटासाठी कधी दहा-वीस तासांचे चित्रीकरण होते. संकलक ते सगळे बघतो. कोण कुठे काय बोलले याची नोंद ठेवतो. मुलाखती शब्दशः कागदावर उतरवून घेतो. त्यातून क्रम लावतो, कच्चे संकलन करतो, ते दहा वेळा बदलतो आणि मग आवाज जुळवतो. पूर्वी फिल्म खरोखरच कापून चिकटवावी लागे. मग व्हिडिओ टेप आली, तेव्हा हवा तो भाग एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवून घेत. आता सगळे संगणकावर होते. साधने बदलली तरी काय ठेवायचे आणि काय काढायचे हा प्रश्न तोच राहिला आहे.

हा प्रश्न केवढा मोठा आहे ते एका उदाहरणाने पाहा. समजा एखाद्या घरातले आजोबा कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "हो, आम्ही सुखात होतो, पण ते सुख आईच्या कष्टांवर होतं." संकलकाने "पण"च्या आधी कात्री लावली तर आजोबांचे बालपण सुखाचे ठरले. एक शब्दही खोटा घातला नाही, तरी माणूस खोटा पडला. डॉक्टरच्या हातून चूक झाली तर रोग्याला भोगावे लागते. संकलकाच्या हातून अशी चूक झाली तर तिचा पत्ताही कुणाला लागत नाही. अशा कामाला सचोटीची माणसे लागतात, आणि ती शाळेतूनच घडायला हवीत.

वडोदऱ्यात राहणाऱ्या आपल्याला हे क्षेत्र परके नाही. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले होते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. पण त्याआधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याचे रोप कसे वाढते याचे रोज थोडे थोडे चित्रीकरण केले होते. जे आहे ते धीराने बघायचे आणि जसेच्या तसे दाखवायचे, ही माहितीपटाची वृत्ती त्या कुंडीतही होती.

त्याच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात १९१३ साली कमलाबाई गोखले या लहान मुलीने काम केले. चित्रपटात स्त्रियांनी उतरणे तेव्हा कल्पनेबाहेरचे होते. पुढे त्या मराठी रंगभूमीवर गाजल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. त्यांच्या म्हातारपणी रीना मोहन यांनी 'कमलाबाई' हा माहितीपट केला. तो १९९१ सालचा आहे. रीना मोहन यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून संकलनाचे शिक्षण घेतलेले आहे. कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. आणखी काही वर्षे उशीर झाला असता, तर आपल्या बाईंचे झाले तेच त्यांचेही झाले असते.

आता ज्यांच्याविषयी मुख्यतः सांगायचे आहे त्या विजया मुळे. हे नाव पुष्कळ पालकांना माहीत नसेल, पण त्यांचे काम माहीत नाही असा पालक विरळा. दूरदर्शनवर एक बोलके चित्र लागायचे: बागेतली मुले, लहान भावाला 'एक' आणि 'अनेक' यांतला फरक समजावून सांगणारी ताई, जाळ्यात सापडलेले आणि जाळ्यासकट एकदम उडालेले पक्षी. ते 'एक अनेक और एकता'. १९७४ साली तयार झालेले हे चित्र जेमतेम सात मिनिटांचे आहे. त्यामागची कल्पना विजयाबाईंची, चित्रे भीमसेन यांची, संगीत वसंत देसाई यांचे आणि गाणारा बालआवाज आजच्या प्रसिद्ध गायिका साधना सरगम यांचा. त्या वेळी त्या पाच-सहा वर्षांच्या असतील. त्याला उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय एकात्मतेवर आपण दरवर्षी किती भाषणे ऐकतो आणि त्यांतली किती आपल्या लक्षात राहतात? सात मिनिटांचे हे चित्र पन्नास वर्षांनंतरही लोकांना पाठ आहे.

विजयाबाईंचा जन्म १९२१ सालचा, मुंबईचा. लग्नानंतर १९४० साली त्या पाटण्याला गेल्या. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी घरांना काय काय नव्याने शिकावे लागते ते आपल्या घरांतल्या आज्यांना विचारावे. विजयाबाईंनी तिथे पाटणा विद्यापीठाची पदवी घेतली आणि १९४६ साली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या. परत आल्यावर पाटण्यात चांगले चित्रपट बघणाऱ्यांचे मंडळ उभे करण्यात त्यांचा वाटा होता. पुढे केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरी लागून त्या दिल्लीला आल्या. १९५९ साली देशभरातल्या अशा मंडळांचा महासंघ स्थापन झाला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते, आणि चिदानंद दासगुप्ता यांच्याबरोबर विजयाबाई त्याच्या संयुक्त सचिव होत्या. नंतर चित्रपट परीक्षण मंडळाच्या कामासाठी त्या मुंबईला आणि कोलकात्याला राहिल्या. कोलकात्यात असताना त्यांनी पहिला माहितीपट केला. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी हुगळी नदीत उलटे शिरते आणि भिंतीसारखी लाट उठते. त्या लाटेवरचा हा माहितीपट, 'द टायडल बोअर'. वयाची पंचेचाळिशी आली होती.

हे वय मुद्दाम सांगतो आहोत. दहावीच्या निकालादिवशी आयुष्याचा फैसला झाला असे मानणाऱ्या घरांनी ते लक्षात ठेवावे. विजयाबाईंनी नोकरी सोडून देऊन कलेच्या मागे धाव घेतली असेही झाले नाही. शिक्षण खात्यातली नोकरी आणि चित्रपटाची ओढ या दोन्ही गोष्टी त्यांनी बरोबरीने चालवल्या, आणि पुढे त्या एकत्र आल्या.

त्या एकत्र आल्या 'साइट' या प्रयोगात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर, अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या मदतीने, आपल्या देशातल्या सहा राज्यांमधल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट पोहोचवले गेले. त्यातल्या पुष्कळ गावांत लोकांनी तोवर सिनेमासुद्धा पाहिलेला नव्हता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ही ती राज्ये. स्वप्न विक्रम साराभाईंचे होते. प्रयोगाचे व्यवस्थापन ज्यांनी पाहिले ते कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस, २०२५ साली, वयाची शंभरी पूर्ण करून ते गेले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी, असे दिवसाला चार तास कार्यक्रम असत. मुलांसाठीच्या कार्यक्रमांचा मोठा भार दिल्लीच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राने उचलला. विजयाबाई तिथे होत्या, आणि पुढे त्या केंद्राच्या प्रमुखही झाल्या.

इथे निर्मात्याची खरी परीक्षा होती. उपग्रह आकाशात होता, संच गावात होता. पण मधल्या पडद्यावर काय दाखवायचे? दिल्लीच्या स्टुडिओतली शुद्ध हिंदी राजस्थानच्या किंवा बिहारच्या खेड्यातल्या मुलाला कळेलच असे नव्हते. ज्या मुलाने आगगाडी पाहिलेली नाही त्याला आगगाडीच्या उदाहरणाने गणित शिकवून काय उपयोग? निर्मात्याला त्या मुलाच्या अंगणात जाऊन बसावे लागते, त्याच्या डोळ्यांनी बघावे लागते, तेव्हा कुठे कार्यक्रम होतो. यंत्र पोहोचणे आणि गोष्ट पोहोचणे यांत किती अंतर आहे, हे हातात मोबाइल असलेल्या आजच्या पिढीनेही समजून घ्यावे.

हाच धडा आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात आणखी पुढे गेला. नडियादजवळच्या पीज गावी एक लहान प्रक्षेपण केंद्र उभारले गेले, आणि अहमदाबादच्या स्टुडिओतून सुमारे ४०० गावांसाठी गुजरातीत कार्यक्रम सुरू झाले. शेतीचा सल्ला आणि आरोग्याची माहिती तर होतीच. पण हुंडा, अस्पृश्यता, मजुरीचे दर असे गावातले बोचरे विषयही त्यात आले. निर्माते कॅमेरा घेऊन गावात जात आणि गावकऱ्यांनाच बोलते करत. या प्रकल्पाला १९८४ साली ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. ही घटना आपल्यापासून तासाभराच्या अंतरावरची. आपल्या किती मुलांना ती माहीत आहे?

विजयाबाईंचे काम निवृत्तीनंतरही थांबले नाही. १९८४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन मुलांसाठी दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केला, त्याच्या जडणघडणीतही त्या होत्या. २००२ साली त्यांना माहितीपटाच्या क्षेत्रातला व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार मिळाला. परदेशी चित्रपटांत भारत कसा दिसला यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक २०१० साली आले, तेव्हा त्या एकोणनव्वद वर्षांच्या होत्या. मे २०१९ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. ओळखीची सगळी माणसे त्यांना अक्का म्हणत.

त्यांच्या कन्या सुहासिनी मुळे. 'लगान'मधली भुवनची आई म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांनीही माहितीपट केले आहेत आणि त्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले आहेत. डिसेंबर १९८४ मधल्या भोपाळच्या वायुदुर्घटनेवर त्यांनी आणि तपन बोस यांनी 'बियाँड जेनोसाइड' हा माहितीपट केला. त्याला सुवर्णकमळ मिळाले. तरीही दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला. आता तो विषय जुना झाला, माहितीपट एकांगी आहे, अशी कारणे पुढे आली. प्रकरण न्यायालयात गेले, आणि जुलै १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीला योग्य कारणाशिवाय असा माहितीपट अडवता येणार नाही, असे त्या निकालाचे सार आहे. सरकारवर टीका आहे एवढे कारण पुरेसे नाही.

आईचे सात मिनिटांचे चित्र सरकारने घरोघर पोहोचवले, आणि मुलीचा माहितीपट सरकारी पडद्यावर यावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. या व्यवसायाच्या या दोन्ही बाजू आहेत, आणि मुलांना त्या दोन्ही सांगायला हव्यात. नुसते पुरस्कार सांगणे म्हणजे "पण"च्या आधी कात्री लावणे होईल.

म्हणून पालकांची काळजी आम्ही उडवून लावत नाही. दूरदर्शनमध्ये निर्माता म्हणून चिकटावे आणि निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडावे, असे दिवस आता राहिलेले नाहीत. १९४८ साली सुरू झालेले फिल्म्स डिव्हिजनसुद्धा २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. माहितीपट करणारी बरीच माणसे पोटासाठी शिकवतात, संस्थांसाठी लहान फिल्म करून देतात, दुसऱ्यांच्या चित्रपटांचे संकलन करतात. मिळकत नेमाने येत नाही. केलेले काम लोकांपुढे यायला कधी वर्षे जातात. हे पचवण्याची तयारी हवी.

पण तयारीचा रस्ताही आहे. आधी कुठल्याही विषयाची चांगली पदवी घ्यावी. इतिहास, शेती, विज्ञान, काहीही चालेल. सांगायला काही असल्याशिवाय सांगण्याची कला घेऊन काय करायचे? मग पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे, जिथे संकलन हा स्वतंत्र विषय शिकवतात. जवळच अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. आणि आपल्या मुलांजवळ एक भांडवल आधीच आहे. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, पडद्यावर हिंदी, पुस्तकात इंग्रजी. चार भाषांमध्ये माणसाचे बोलणे ऐकू शकणारे मूल हे माहितीपटाच्या कामाला अर्धे तयारच असते. आपण या चार भाषांकडे गुण कमी करणारे ओझे म्हणून बघतो, ही गोष्ट वेगळी.

आता शाळेकडे वळतो. शोकसभेनंतर आठवड्याभरात तीच मुलगी आमच्याकडे आली. म्हणाली, "बाईंचं राहिलं. शिपाईकाकांचं करू का?" आपल्या शाळेचे सेवानिवृत्त शिपाईकाका आता थकले आहेत. तिने घरातला मोबाइल आणि उसना मायक्रोफोन घेऊन चार रविवार त्यांच्याकडे जाऊन त्यांचे बोलणे घेतले. दोन तासांच्या बोलण्यातून नऊ मिनिटांची फिल्म झाली. पुराचे पाणी चढत असताना काकांनी हजेरीपत्रके आणि दाखल्यांची नोंदवही डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर नेली, ती हकिकत त्यांच्या तोंडून ऐकताना आमच्या डोळ्यांत पाणी आले.

त्याच फिल्ममध्ये काका एक वाक्य बोलतात. "शिक्षकांच्या खोलीत चहा मिळायचा, पण आमचे कप वेगळे. खिडकीत ठेवलेले असायचे."

वर्धापनदिनाला ही फिल्म दाखवायचे ठरले तेव्हा हे वाक्य काढावे अशी सूचना आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पाहुणे येणार, देणगीदार येणार, आनंदाचा दिवस, जुनी गोष्ट कशाला उगाळायची? आमच्यातल्याही दोघांना प्रथम तसेच वाटले. मुलीने वाद घातला नाही. ती काकांकडे गेली आणि त्यांनाच विचारले. काका म्हणाले, "राहू दे. खोटं थोडंच आहे? आणि पोरी, पूरही मीच सांगितला आणि कपही मीच सांगितला. एक ठेवायचा आणि एक काढायचा, मग मी कुठला?"

संकलनावरचा याहून चांगला धडा आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. विश्वस्त मंडळाला आमची हात जोडून विनंती आहे की ही फिल्म आहे तशी दाखवावी. त्या वाक्याने शाळेची मान खाली जाईल असे आम्हाला वाटत नाही. वाक्य काढले तर मात्र एक गोष्ट नक्की होईल: खरे बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आणि खरे दाखवणाऱ्या मुलीला, दोघांनाही शाळा एकाच वेळी गप्प बसवील. दूरदर्शनने भोपाळचा माहितीपट अडवला म्हणून नाके मुरडणे सोपे आहे. नऊ मिनिटांच्या फिल्मला आपण काय करतो, त्यावर आपली परीक्षा आहे.

दुसरी विनंती खर्चाची, पण खर्च फार नाही. शाळेने एक चांगला मायक्रोफोन आणि दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. कॅमेरा नको, घरोघरचे मोबाइल पुरे आहेत. चित्र थोडे धूसर असले तरी चालते, आवाज ऐकू आला नाही तर सगळे वाया जाते. दरवर्षी नववीच्या मुलांनी दहा वडीलधाऱ्यांचे बोलणे घ्यावे: जुने शिक्षक, शिपाई, कारखान्यात राबलेले, घरी पापड-लोणची करून मुलांना शिकवलेल्या आज्या. काही नियम पाळावेत. आधी परवानगी घ्यावी. प्रश्न थोडका विचारावा आणि मध्ये बोलू नये. माणूस गप्प झाला तर त्याला गप्प राहू द्यावे. पुढचे वाक्य बहुधा मोलाचे असते. नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी. फिल्म कितीही लहान करा, मूळ चित्रीकरण पुसू नका, आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सुरुवातीच्या काळात टेप महाग म्हणून दूरदर्शनवरचे कितीतरी कार्यक्रम पुसून त्याच टेपा पुन्हा वापरल्या गेल्या. ते आता परत मिळणार नाहीत. आपल्याला ती चूक करण्याचे कारण नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे की अशा कामात रमलेले मूल घरात निघाले तर लगेच पोटापाण्याचा प्रश्न पुढे करू नका. तो प्रश्न खरा आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा विचारा: "आज कुणाचं बोलणं ऐकलंस?" या प्रश्नाचे मुलाकडे रोज उत्तर असेल, तर ते मूल पुढे डॉक्टर झाले तरी चांगला डॉक्टर होईल.

ती मुलगी यंदा दहावीला आहे. परीक्षा संपली की पुढची फिल्म करायची आहे, अशी चिठ्ठी तिने आमच्याकडे आधीच देऊन ठेवली आहे. कुणाच्या घरी ऐंशीच्या पुढचे माणूस असेल आणि बोलायला राजी असेल, तर कार्यालयात नाव नोंदवावे. या वेळी आम्हाला उशीर करायचा नाही.